पाटावर कोण बसलं

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, सख्ख्या बहिणीला तर नाहीच — तिच्या पोटात काही राहत नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही आमच्या मुलुंडच्या घरी कधी आला नाहीत, तिथे कोण कोणाशी कसं वागतं हे तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून असेल. किंवा गेल्या महिन्यात जे झालं ते मनातून जात नाही म्हणून. जाऊ दे. कारणं शोधत बसले तर सांगायचंच राहून जाईल, आणि ही माझी जुनी युक्ती आहे.

आधी घराबद्दल सांगते. रागावू नका, पण माझ्या घराबद्दल मला नेहमी आधीच सांगायचं असतं.

मुलुंड पूर्वेला आमची जुनी इमारत होती. दीड खोली. तिच्यात सासूबाई, माझे थोरले दीर — त्यांना मी भाऊजी म्हणते — त्यांची बायको शालिनीवहिनी, माझा नवरा, मी आणि आमची ऋचा. इमारत रीडेव्हलपमेंटला जायची ठरली तेव्हा घरातले दोन्ही पुरुष 'बघू' म्हणाले. दोघे भाऊ इतके सज्जन, की बिल्डरच्या माणसाने डोळ्यांदेखत आमची अर्धी खोली कापून घेतली असती तरी यांनी त्याला चहा विचारला असता. मग सोसायटीच्या मीटिंगांना मी जायला लागले. विमा कंपनीतली नोकरी सांभाळून नकाशे वाचायला शिकले. कचऱ्याच्या डक्टला लागून असलेला फ्लॅट आमच्या गळ्यात मारत होते, तो मी घेतला नाही. कठडे बसले नव्हते तेव्हा, नुसत्या सिमेंटच्या पायऱ्या चढून मी टेप घेऊन वर गेले आणि आतली खोली नकाशापेक्षा वीतभर कमी भरते हे त्यांच्या इंजिनिअरला दाखवलं. भिंत सरकली. हो, सरकली! आजही त्या भिंतीवरून हात फिरवला की मला बरं वाटतं.

सकाळचं ऊन ओट्यावर येतं ते मी भांडून घेतलेल्या खिडकीतून. बाल्कनीतून टेकड्या दिसतात. शेजारणी अजून म्हणतात, वंदना नसती तर सावंतांची वाट लागली असती. मी 'काहीतरीच काय' म्हणते, पण मनातून मला ते पटलेलं असतं.

तर असं घर मी आणलं. आणि वास्तुशांतीचं ठरवायला गुरुजी आले तेव्हा सासूबाई एका दमात म्हणाल्या, "थोरली जोडी बसात." माझ्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. पाहायचं कशाला? रीतच आहे. घरातलं मोठं जोडपं यजमान म्हणून पाटावर बसतं, संकल्प सोडतं, वास्तुपुरुषाची प्रतिमा जमिनीत ठेवतं. धाकटी सून नारळ पुढे करते, पाहुण्यांना सरबत देते. मला हे माहीत नव्हतं का? होतं. तरी मला असं वाटलं की कोणीतरी माझ्या हातातलं ताट काढून दुसरीपुढे ठेवलं.

आता वहिनींबद्दल. हे सांगायला जड जातंय.

वहिनींना मूल नाही. डॉक्टर झाले, नवस झाले, कोकणातल्या देवाला कौल लावून झाले. सासूबाईंनी तोंडाने फार छळलं नाही, पण आजूबाजूच्या बायका काय करतात ठाऊक आहे ना? डोहाळजेवणाला बोलावतात, आणि ओटी भरायची वेळ आली की गोड आवाजात म्हणतात, "शालिनीताई, तुम्ही जरा आत पानांचं बघता का?" माझ्या डोहाळजेवणातही तेच झालं. माझ्यासाठी फुलांचा मुकुट रात्रभर जागून गुंफला कोणी? वहिनींनी. आणि माझी ओटी भरली तेव्हा त्या स्वयंपाकघरात मसालेभाताखालचा गॅस बारीक करत होत्या. मी तेव्हा त्यांना हाक मारली नाही. पण मी जी चूक सांगायला बसलेय, ती ही नव्हे.

मी मीटिंगांना जायचे तेव्हा ऋचाच्या वेण्या, डबा, गृहपाठ, सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल — सगळं त्या करायच्या. मी ते कधी मोजलं नाही. घर मिळवणं म्हणजे माझं काम, आणि त्या करत होत्या ते नुसतं घरकाम, असं मला वाटायचं. खोटं कशाला बोलू, बरीच वर्षं वाटायचं.

वास्तुशांतीला बसायचं ठरलं आणि वहिनी बदलल्याच. लग्नानंतर पहिल्यांदा त्या पाटावर बसणार होत्या. यजमानीण म्हणून, सगळ्यांसमोर, आणि कोणी त्यांना आत पाठवू शकणार नव्हतं. त्यांनी नारायणपेठी घेतली, डाळिंबी रंगाची. ब्लाउज शिवून आल्यावर मला तीनतीनदा दाखवला. त्या काळात आम्ही विक्रोळीला भाड्याने राहत होतो, दोन छोट्या खोल्या, बांधलेली गाठोडी छतापर्यंत. त्यातल्या त्यात जागा करून त्या आरशासमोर उभ्या राहायच्या आणि हळूच विचारायच्या, "वंदू, फार भडक नाही ना गं दिसत माझ्या वयाला?" मी म्हणायचे, "छान दिसतंय वहिनी." मनात काय यायचं ते सांगत नाही.

आणि मग त्यांनी मला ते काम सांगितलं.

त्यांची पाळीची तारीख नेमकी मुहूर्ताच्या आसपास येत होती. तुम्ही बाई असाल तर पुढचं सांगायला नको. घरात सत्यनारायण असो, मंगळागौर असो, बायका आधी कॅलेंडर बघतात आणि मग गोळ्या आणतात. पुढे ढकलायच्या गोळ्या. वहिनींनी त्या कधीच घेतल्या नव्हत्या — त्यांना कुठे कोणी पाटावर बसवलं होतं? मेडिकलवाल्याकडे जाऊन मागायची त्यांना लाज वाटत होती. ओट्याशी उभ्या राहून कुजबुजत म्हणाल्या, "तू आण ना गं. तुला असलं विचारायला जमतं."

मी आणल्या. दुकानदाराने नीट सांगितलं, तारखेच्या दोन-तीन दिवस आधीपासून सुरू करायच्या, रोज घ्यायच्या, मध्ये चुकवायच्या नाहीत. मी ऐकलं, समजलं, मान हलवली. दुकानातून घरी येईपर्यंत माझ्या मनात काहीच नव्हतं — शपथ घेऊन सांगते. निदान मला तरी तसं आठवतं. वहिनी भांडी घासत होत्या. ओले हात पदराला पुसून त्यांनी ती पट्टी घेतली, ब्लाउजमध्ये लपवली आणि विचारलं, "कधी घ्यायची गं?"

मी म्हटलं, "आदल्या रात्री एक घ्यायची. बस्स."

"एकच?"

"एकच. जास्त घेतली तर उलट त्रास होतो."

त्या हसल्या. म्हणाल्या, "तुला सगळं कळतं बाई."

झालं. एवढंच. किती सोपं असतं ना? ना आवाज चढवला, ना कोणाला ढकललं. आणि त्यानंतर अख्खा आठवडा होता हो! रोज सकाळी त्या माझ्यासमोर चहा ठेवायच्या. 'वहिनी, मी चुकीचं सांगितलं, आजपासून सुरू करा' — एवढंच म्हणायचं होतं. एक वाक्य. जीभ झडली असती का माझी? मी चहा प्यायले आणि ऑफिसला गेले. तुम्ही म्हणाल, कदाचित तुला वाटलं असेल की तारीख पुढे सरकेलही, देवावर सोडलं असेल. नाही. देवावर सोडलं असतं तर मी माझी पैठणी इस्त्रीला दिली नसती. नवऱ्याचा पूजेला नेसायचा कद धुऊन ठेवला नसता. त्याने विचारलं, "मला कशाला? दादा बसतोय ना?" मी म्हटलं, असू दे, लागलं तर. बघा, तयारी कशी चोख होती माझी.

मुहूर्ताच्या पहाटे वहिनी न्हाणीघरातून बाहेर आल्या आणि दारातच थांबल्या. केस ओले होते, डोक्याला पंचा होता. सासूबाईंनी बघितलं आणि ओळखलं. त्या जुन्या वळणाच्या, मालवणातून आलेल्या. म्हणाल्या, "देवाचा काम हा. असला चलाचा नाय. तुझा नशीबच तसा, काय करशी." मी खाली वाकून पिशवीतल्या सुपाऱ्या मोजत होते. ती डाळिंबी साडी खुर्चीच्या पाठीवर घडी उलगडून ठेवलेली होती. वहिनींनी ती पुन्हा घडी घालून पेटीत ठेवली, आम्हाला डबे काढून दिले, आणि त्या एकट्या विक्रोळीला मागे राहिल्या.

अजून संपलं नाही. इथे थांबले असते तर निदान अर्धीच चूक झाली असती.

मुलुंडला गुरुजींना कळलं तेव्हा ते म्हणाले, काही बिघडत नाही, थोरल्यांनी कमरेला सुपारी लावून बसावं. बायको हजर नसेल तर तिच्या जागी सुपारी खोचून पूजा करता येते, शास्त्रात सोय आहे. म्हणजे वहिनी विक्रोळीला बसूनही यजमानीण त्याच ठरल्या असत्या. संकल्पात त्यांचं नाव आलं असतं. भाऊजींनी सुपारीला हातसुद्धा पुढे केला होता. आणि मी — धाकटी सून, जिने सरबताकडे बघायचं — मी म्हटलं, "गुरुजी, पण नव्या घराचं आहे ना, प्रत्यक्ष जोडी बसलेली जास्त चांगली नाही का?"

भाऊजी कसे आहेत ते सांगितलंच आहे. त्यांनी हात मागे घेतला आणि म्हणाले, "धाकट्याला बसू दे. वंदनानेच केलंय सगळं." सासूबाईंनीही मान डोलावली. "धाकल्याक बसव मगे."

तर पाटावर मी बसले.

आणि आता खरं सांगते, अगदी खरं: मला वाईट वाटलं नाही. तुम्हाला वाटत असेल पूजेत मन लागलं नसेल. अजिबात नाही. नवऱ्याने संकल्प सोडला तेव्हा त्याच्या हाताला हात लावून मी ताठ बसले होते. स्वयंपाकघराच्या आग्नेय कोपऱ्यातली एक फरशी पक्की न करता ठेवायला मीच मिस्त्रीला सांगितलं होतं. तिच्याखालच्या खड्ड्यात वास्तुपुरुषाची तांब्याची डबी मी माझ्या हाताने ठेवली. नव्या शेगडीवर दूध उतू गेलं तेव्हा बायका "वा, वा" म्हणाल्या. कोणी म्हणालं, घराची खरी लक्ष्मी बसलीय. मला ते ऐकून भरून आलं. मला वाटलं — हे बरोबर झालं. असंच व्हायला हवं होतं.

वहिनी पाचव्या दिवशी आल्या, न्हाऊन, शेवटची दोन गाठोडी आणि कुकर घेऊन. नव्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्यावरून आमच्याकडे भाकरतुकडा ओवाळून टाकतात. त्यांच्यावरून कोणी टाकला नाही, कोणाला सुचलंच नाही. त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या, खिडकीशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "किती छान उजेड येतो गं. तू भांडलीस म्हणून." मग पर्समधून ती गोळ्यांची पट्टी काढून माझ्या हातात दिली. एकच गोळी काढलेली. "तुला ठेव, कधी लागली तर. मला काही उपयोग नाही झाला. माझं अंगच दगाबाज आहे वंदू. मुलाच्या वेळी दगा दिला, आताही दिला."

मी काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका वहिनी."

तिच्या अंगाने तिला दगा दिला नव्हता. मी दिला होता. एक बाई आयुष्यभर आपल्याच शरीराला दोष देत आलेली, आणि मी तिच्या हातात आणखी एक पुरावा दिला — खोटा. त्या पट्टीचे मी तुकडे केले आणि खालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले.

त्यानंतर आम्ही त्या घरात गुण्यागोविंदाने राहिलो. हसू नका, खरंच राहिलो. सासूबाई गेल्या, ऋचा मोठी झाली, शिकली. आग्नेयेच्या त्या फरशीवर वहिनी कधी पाय देत नाहीत. सणाला नैवेद्याचं छोटं पान तिथे त्याच ठेवतात, वाकून नमस्कार करतात. मी ओट्याशी उभी असते. कधीकधी वाटतं, आता बोलावं. मग कुकरची शिट्टी होते, कोणीतरी येतं. कोणी नाही आलं तरी मी बोलत नाही.

आता गेल्या महिन्यातलं सांगते.

ऋचाने आणि तिच्या नवऱ्याने बोरिवलीला घर घेतलं. स्वतःच्या जोरावर, आम्हाला काही विचारलं नाही, मागितलं नाही. माझीच मुलगी! वास्तुशांत करायची म्हणाली, माझ्यापेक्षा तिलाच हौस. पाटावर ती दोघं बसणार होती, पण पाण्याने भरलेला कलश घेऊन घरात सर्वात आधी एखाद्या सवाष्णीने जायचं असतं. ऋचा वहिनींना मोठी आई म्हणते. ती आमच्याकडे जेवायला आली होती, जेवण आटोपता आटोपता म्हणाली, "कलश मोठी आई नेणार. मी ठरवलंय."

वहिनी एकदम घाबरल्याच. "नको गं बाई. असल्या कामात मला नको घेऊस. मी ऐन वेळी काहीतरी करून ठेवते."

ऋचा हसायला लागली. "काय करून ठेवणार तू आता? ते तर केव्हाच बंद झालं ना तुझं!"

"ते बंद झालं गं. माझा पायगुण कुठे बंद होतो?" वहिनी हसतच म्हणाल्या, पण बोटांनी ताटाखालची सांडलेली शितं गोळा करत होत्या. "या घराच्या वेळी बघ, साडी आणली होती, सगळं ठरलं होतं. देवानेच मला दाराबाहेर ठेवलं. तुझ्या नव्या घराला माझी नाट कशाला? तुझं सगळं चांगलं होऊ दे."

इतकी वर्षं त्या हे धरून बसल्या होत्या. मला वाटलं होतं विसरल्या असतील. का वाटलं होतं? मी विसरले नव्हते.

ऋचाचं तोंड उतरलं. ती माझ्याकडे वळली. "आई, तू सांग ना तिला. तुझं ऐकते ती."

सगळे माझ्याकडे बघत होते. माझा नवरा, भाऊजी, जावई. आणि वहिनी — तिच्या डोळ्यांत काय होतं सांगू? आशा होती. नको नको म्हणत होती, पण कोणीतरी आपल्याला खोटं पाडावं म्हणून ती माझ्याकडे बघत होती. आणि त्या अख्ख्या टेबलावर तिला खोटं पाडू शकेल असं एकच माणूस होतं. मला फार काही सांगायचीही गरज नव्हती. 'वहिनी, गोळी मी चुकीची सांगितली होती.' जाणूनबुजून, हे नसतं सांगितलं तरी चाललं असतं. त्या तेवढ्यावर सुटल्या असत्या.

मग मला ऋचाचा चेहरा दिसला. जावयाचा दिसला. ज्या घरात माझं नाव निघालं की सगळे कौतुकाने बोलतात, ते घर दिसलं. आणि मी म्हटलं, "आग्रह नको करूस ऋचा. त्यांच्या मनात नाही तर राहू दे. कलश मी नेते."

वहिनींनी मान खाली घातली. "हो, वंदूच नेऊ दे. तिचा हात चांगला आहे."

बोरिवलीचं घर झकास आहे. उंच, मोकळं, हॉलमधून लांबवर जंगल दिसतं. त्या दिवशी मी मोरपंखी पैठणी नेसले होते, डोक्यावरून पदर, हातात तांब्याचा कलश, वर नारळ. दाराला झेंडूचं तोरण होतं. माझ्यामागे ऋचा, तिचा नवरा, बाकीची मंडळी. वहिनी सगळ्यात मागे लिफ्टपाशी उभ्या होत्या, सगळ्यांच्या पर्स आणि चपला सांभाळत. गुरुजींनी "चला" म्हटलं तेव्हा मागून त्यांचाच आवाज आला, "वंदू, पदर सावर, पायात येईल."

मी पदर सावरला आणि उजवं पाऊल आत टाकलं. ऊर अभिमानाने भरून आला होता माझा.